आधी ९११, मग वकील

अमेरिकेत-कॅनडात शिकणाऱ्या मुलामुलींनी आणि इथल्या त्यांच्या आईवडिलांनी ओव्हरडोसच्या कायद्याबद्दल काय माहीत करून घ्यावं

ओव्हरडोस झालेला माणूस सहसा क्षणात जात नाही. हेरॉइन, फेंटानिल, ऑक्सिकोडोन ही अफूच्या कुळातली द्रव्यं श्वासावर ताबा ठेवणाऱ्या मेंदूच्या भागालाच गुंगी आणतात. श्वास मंदावत जातो आणि शेवटी थांबतो. फेंटानिल असेल तर हे काही मिनिटांत घडतं, इतर गोळ्यांना तास-दोन तासही लागतात. माणूस वाचायचा तो याच वेळात वाचतो. आणि नेमक्या याच वेळात खोलीतले बाकीचे दबक्या आवाजात एकमेकांना विचारत असतात: पोलीस आले तर? आपल्यालाही उचललं तर? व्हिसा गेला तर? घरी कळलं तर?

पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांनी आणि कॅनडानं कायद्यात लिहून ठेवलं आहे. तिसऱ्याचं उत्तर त्या कायद्यात नाही, आणि ते नाही हे आपल्या मुलांना ठाऊक असणं फार गरजेचं आहे. चौथ्याचं उत्तर घरच्यांनी द्यायचं आहे, तेही वेळ येण्याआधी.

'आमचा मुलगा त्या वाटेला जाणारच नाही' असं म्हणून पान उलटू नका. हा लेख व्यसनी माणसांपुरता नाही. परीक्षेच्या आदल्या रात्री जागण्यासाठी मित्राच्या मित्राकडून घेतलेली 'अ‍ॅडरॉल'ची गोळी बनावट असू शकते आणि तिच्यात फेंटानिल असू शकतं. फेंटानिल हेरॉइनच्या सुमारे पन्नास पट जहाल आहे. शिवाय आपला मुलगा गोळी घेणारा नसेलही. शेजारच्या खोलीत राहणारा, दार उघडून पाहणारा असेल. फोन त्यालाच करायचा असतो.

फोन आणि त्यानंतरची काही मिनिटं

माणूस हाका मारून, हलवून, छातीच्या मधल्या हाडावर मुठीची हाडं जोरात घासूनही जागा होत नसेल, श्वास अगदी संथ किंवा अडखळत असेल, घशातून घरघर येत असेल, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या असतील, तर हा ओव्हरडोस समजायचा. ओठ निळे पडतात असं सगळीकडे लिहिलेलं असतं, पण सावळ्या रंगावर ते निळेपण दिसत नाही. आपल्या माणसांचे ओठ, नखं आणि तोंडाच्या आतला भाग राखाडी, पांढुरका दिसतोय का ते पाहा. 'घोरतोय, झोपू दे' हे वाक्य सगळ्यात घातक. ती घोरण्यासारखी घरघर बहुतेक वेळा बंद होत चाललेल्या श्वासाची असते.

९११ ला फोन लागला की पलीकडून पहिला प्रश्न पत्त्याचा येतो. म्हणून आधी पत्ता सांगा, अपार्टमेंट नंबर आणि मजल्यासकट. फोन मध्येच तुटला तरी तेवढ्यावर गाडी निघू शकते. मग: 'ही इज नॉट वेकिंग अप, ही इज नॉट ब्रीदिंग नॉर्मली.' पहिल्याच वाक्यात ड्रग्जचा उल्लेख यायला हवा असं नाही. पत्ता आणि श्वास, या दोन गोष्टींना घाई आहे.

नालोक्झोन हे अफूच्या कुळातल्या द्रव्यांचा असर उतरवणारं औषध. घरात त्याचा नाकात मारायचा फवारा असेल तर तो लगेच द्या. मार्च २०२३ पासून अमेरिकेत तो डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला परवानगी आहे. 'नारकॅन' या नावानं औषधांच्या दुकानात दोन फवाऱ्यांचं पाकीट मिळतं, आणि अनेक विद्यापीठांची आरोग्य केंद्रं तो फुकट देतात. पाकीट फाडा, माणसाला पाठीवर निजवून मान मागे करा, नळी एका नाकपुडीत बोटं नाकाला टेकेपर्यंत सरकवा आणि खालचा दट्ट्या अंगठ्यानं पूर्ण दाबा. चालतोय का पाहायला आधी हवेत फवारा मारू नका. एका नळीत एकच डोस असतो, तो वाया जातो. दोन-तीन मिनिटांत फरक पडला नाही तर दुसरी नळी दुसऱ्या नाकपुडीत. मध्यंतरी ९११ वरचा माणूस सांगेल तसा तोंडानं श्वास द्या किंवा छाती दाबा. श्वास सुरू झाला की माणसाला कुशीवर वळवून ठेवा, म्हणजे उलटी घशात अडकणार नाही. त्यानं अफूच्या कुळातलं काही घेतलेलं नसेल तरी नालोक्झोननं अपाय होत नाही, तेव्हा शंका असेल तरी द्या.

शुद्धीवर आलेला माणूस बहुधा चिडतो. 'मी ठीक आहे, अँब्युलन्स परत पाठवा' म्हणतो. ऐकू नका. नालोक्झोनचा असर तीस ते नव्वद मिनिटांत ओसरतो. अंगात शिल्लक असलेलं द्रव्य त्यानंतर पुन्हा श्वास बंद पाडू शकतं.

कायदा काय देतो

२००७ मध्ये न्यू मेक्सिकोनं अमेरिकेतला असा पहिला कायदा केला. ओव्हरडोसच्या वेळी मदत मागवली म्हणून पोलीस आले आणि स्वतःपुरता थोडा माल सापडला, तर त्यासाठी मदत मागवणाऱ्यावरही खटला भरायचा नाही आणि ज्याला ओव्हरडोस झाला त्याच्यावरही नाही, असा त्याचा गाभा. २०१० मध्ये वॉशिंग्टन राज्यानं आणि २०११ मध्ये न्यूयॉर्कनं तोच रस्ता धरला. टेक्सास २०२१ मध्ये आलं, कॅन्सस २०२४ मध्ये. आज जवळजवळ प्रत्येक राज्यात 'गुड समॅरिटन लॉ' या नावानं असा कायदा आहे. नाव सगळीकडे तेच असलं तरी आतला मजकूर राज्यागणिक वेगळा आहे.

न्यू जर्सीचा कायदा उदार आहे. अमली पदार्थ जवळ बाळगणं, घेणं किंवा त्यांच्या अंमलाखाली असणं यासाठी मदत मागवणाऱ्याला आणि रुग्णाला अटकच करायची नाही, आरोप आणि खटला तर पुढची गोष्ट. न्यूयॉर्कच्या कायद्यात आरोप आणि खटल्यापासून संरक्षण आहे, आणि पैसे किंवा फायदा न घेता मित्राला दिलेल्या मालाचाही तिथं विचार केलेला आहे. कॅलिफोर्नियात २०१३ पासून संरक्षण आहे, मात्र डॉक्टरांच्या किंवा पोलिसांच्या कामात अडथळा आणायचा नाही ही अट आहे.

टेक्सास मात्र वाचून घ्या, कारण डॅलस-ह्यूस्टन-ऑस्टिनकडे आपली पुष्कळ मुलं आहेत. तिथं थोड्या मालापुरता कोर्टात मांडता येईल असा बचाव मिळतो, म्हणजे अटक टळेलच असं नाही. बचाव मिळतो तो सगळ्यात आधी मदत मागणाऱ्याला किंवा रुग्णाला. फोन करणाऱ्यानं जागेवर थांबलं पाहिजे आणि वैद्यकीय पथकाला व पोलिसांना सहकार्य केलं पाहिजे. अमली पदार्थांच्या गुन्ह्यात आधी शिक्षा झालेल्याला तो मिळत नाही. हा बचाव एकदा वापरलेल्याला पुन्हा मिळत नाही. मागच्या अठरा महिन्यांत ओव्हरडोससाठी मदत मागवलेल्यालाही नाही. म्हणून चौघं खोलीत असताना 'तू कर, तू कर' करण्यात अर्थ नाही. कोण आधी फोन करतो याला टेक्सासमध्ये कायद्याच्या दृष्टीनंही मोल आहे.

कॅनडात एकच कायदा साऱ्या देशाला लागू आहे. ४ मे २०१७ रोजी त्याला संमती मिळाली. स्वतःपुरता माल बाळगल्याच्या आरोपापासून तो फोन करणाऱ्याला, रुग्णाला आणि मदत येईपर्यंत तिथं असलेल्या इतरांनाही वाचवतो. जामिनाच्या किंवा प्रोबेशनच्या अटी अशा बाळगण्यामुळे मोडल्या गेल्या असतील तर त्याबाबतही सूट देतो. आरोप नाही म्हणजे अटकही नाही, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं २०२५ मध्ये स्पष्ट केलं.

याशिवाय अनेक विद्यापीठांचे स्वतःचे नियम असतात. मदत मागवणाऱ्या विद्यार्थ्यावर दारू किंवा अमली पदार्थांबद्दल शिस्तभंगाची कारवाई होत नाही. कॉर्नेलनं २००२ मध्येच असा नियम केला होता. एकवीस वर्षांखालच्या मुलांना अतिदारूच्या बाबतीत हा नियम फार उपयोगी पडतो. मात्र तो विद्यापीठापुरता असतो, पोलीस त्याला बांधील नसतात.

कायदा कुठे हात आखडता घेतो

ही छत्री लहान आहे. विकणं तिच्याखाली येत नाही. हत्यार, दारू पिऊन गाडी चालवणं किंवा आधीचं वॉरंटही नाही. पण आपल्या मुलांचा पाय घसरण्याची शक्यता वेगळ्याच ठिकाणी असते. चौघांनी वर्गणी काढली, एकानं जाऊन गोळ्या आणल्या आणि बाकीच्यांनी त्याला व्हेन्मोवर पैसे पाठवले. मुलांच्या हिशेबी ही दोस्ती झाली, पण बऱ्याच ठिकाणी कायद्याच्या हिशेबी हे वाटप आहे, आणि त्याची नोंद ज्याच्या त्याच्या फोनमध्ये आहे. माणूस दगावला तर प्रकरण आणखी गंभीर होतं. न्यू जर्सीत मृत्यूला कारण ठरलेला माल पुरवणं हा स्वतंत्र आणि फार मोठा गुन्हा आहे. केंद्राच्या कायद्यात, विकलेल्या किंवा दिलेल्या मालामुळे मृत्यू झाल्यास किमान वीस वर्षांची शिक्षा आहे.

यातून 'मग फोन न केलेला बरा' असा अर्थ काढणं पूर्ण उलटं होईल. माणूस वाचला तर मृत्यूचा आरोप उभाच राहत नाही. माल आणणाऱ्यालासुद्धा वाचवणारी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे मित्राचा श्वास चालू राहणं.

व्हिसाचं काय?

राज्याचा कायदा राज्याच्या खटल्यापासून वाचवतो. व्हिसा आणि ग्रीन कार्ड केंद्राच्या कायद्यानं चालतात, आणि तिथं ओव्हरडोसच्या वेळी मदत मागवणाऱ्याला सूट देणारी तरतूद नाही. एफ-१ किंवा एच-१बी वर असलेल्यानं चार गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

एक: शिक्षा व्हावीच लागते असं नाही. अमली पदार्थाचा गुन्हा केल्याची रीतसर कबुली दिली, तरी पुढे प्रवेश नाकारला जाऊ शकतो. व्हिसाच्या वैद्यकीय तपासणीत किंवा विमानतळावर सहज बोलून गेलेलं वाक्यही पुढे येऊ शकतं.

दोन: गांजाबाबत फसू नका. अनेक राज्यांत दुकानातून उघड विकत मिळतो, पण केंद्राच्या कायद्यात तो अजूनही बेकायदा आहे, आणि व्हिसाला केंद्राचाच कायदा लागू होतो.

तीन: 'गुन्हा कबूल कर, वर्षभर नीट वाग, रेकॉर्ड पुसून टाकू' असा प्रस्ताव सरकारी वकिलाकडून येतो. अमेरिकी नागरिकासाठी तो चांगला सौदा असतो. पण इमिग्रेशनच्या कायद्यात कबुली आणि कोर्टानं घातलेलं बंधन या दोन गोष्टी मिळून बहुधा शिक्षाच धरली जाते, राज्यानं नोंद पुसली तरी. म्हणून सही करण्याआधी इमिग्रेशनचा वकील हवाच. गुन्हा कबूल केल्यानं देशाबाहेर जावं लागेल का, हे परदेशी अशिलाला सांगणं फौजदारी वकिलाचं कर्तव्य आहे, असा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा २०१० चा निकाल आहे. तो प्रश्न वकिलाला स्पष्टपणे विचारा.

चार: व्हिसाच्या डीएस-१६० फॉर्ममध्ये अटकेचा प्रश्न असतो, खटला झाला नसला तरी. अटक झाली असेल तर ती लपवायची नाही. कोर्टाचे सगळे कागद जपून ठेवायचे.

हे वाचून भीती वाढेल, म्हणून दुसरी बाजूही नीट मांडतो. ९११ ला फोन करणं हा गुन्हा नाही. ज्यानं काहीच घेतलेलं नाही, ज्याच्याजवळ काही नाही, त्याला घाबरायचं कारण फारच थोडं. आणि खोलीत मृतदेह सापडला तर होणारा तपास ओव्हरडोसच्या कॉलवर येणाऱ्या पोलिसांपेक्षा कितीतरी खोल जातो. व्हिसा वाचवायचा असेल तरीही फोन करणंच शहाणपणाचं आहे.

कुणाशी काय बोलायचं

वैद्यकीय पथकाला सगळं सांगा: त्यानं काय घेतलं, किती, किती वाजता, सोबत दारू होती का, कोणती औषधं चालू आहेत. इथं कर्ता 'तो' असू द्या. 'आम्ही सगळ्यांनी घेतलं' हे वाक्य रुग्णाच्या उपचाराला लागत नाही आणि तुमच्या विरोधात मात्र जाऊ शकतं. तुम्हीही तेच घेतलं असेल आणि बरं वाटत नसेल तर मात्र तुम्हीही रुग्णच आहात. तेव्हा डॉक्टरांना साफ सांगा, व्हिसाचा विचार नंतर.

पोलिसांना तुमचं खरं नाव सांगा, ओळखपत्र मागितलं तर दाखवा, रुग्ण कुठं आहे ते दाखवा. यापुढच्या प्रश्नांना 'आय वॉन्ट टू स्पीक टू अ लॉयर' एवढं सांगून गप्प राहण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, नागरिक असो वा नसो. कुणाचा जीव वाचवायचा असेल तेव्हा पोलीस वॉरंटशिवाय घरात येऊ शकतात आणि समोर दिसलेली वस्तू त्यांना दिसलेलीच असते. पण कपाटं-बॅगा उघडायला परवानगी मागितली तर 'आय डू नॉट कन्सेंट टू अ सर्च' असं शांतपणे म्हणता येतं. म्हणायचं तेवढं म्हणा, हात अडवू नका. खोटं बोलू नका. माल फ्लश करू नका, लपवूही नका. पुरावा नष्ट करणं हा वेगळा गुन्हा आहे, त्याला छत्री नाही, आणि गोळी कसली होती हे डॉक्टरांना कळायचा मार्गही तुम्हीच बंद करता.

अटक झाली तर भारतीय दूतावासाला किंवा वाणिज्य दूतावासाला कळवा, असं सांगण्याचा परदेशी नागरिकाला आंतरराष्ट्रीय करारानं हक्क आहे. तो मागून घ्यावा. आणि बिलाची धास्ती नको. १९८६ च्या केंद्रीय कायद्यानुसार अमेरिकेतल्या आपत्कालीन विभागाला पैसे किंवा व्हिसा न पाहता रुग्ण तपासून त्याची प्रकृती स्थिर करावीच लागते. बिल येईल, मोठंही असेल, पण त्यासाठी विमा असतो आणि हप्तेही पडतात.

घरच्यांसाठी

विशी-बाविशीच्या मुलाला पोलिसांपेक्षा बाबांची भीती जास्त वाटते, हे मराठी घरांत तरी खोटं नाही. म्हणून विमानतळावर लोणच्याच्या बरण्या मोजताना एवढं सांगून टाका: 'तुला किंवा तुझ्या मित्राला असं काही झालं आणि तू मदत बोलावलीस, तर त्याबद्दल घरात तुला कुणी एक शब्दही बोलणार नाही.' काय घेतलं, का घेतलं हे बोलणं नंतर होईल. आणि हे सांगितलं असेल तर त्या रात्रीनंतर शब्द पाळा.

इथून ९११ फिरवलं तर अमेरिकेत लागत नाही. त्या शहरातल्या पोलिसांचा आणि विद्यापीठाच्या सुरक्षा विभागाचा पूर्ण आकड्यांचा नंबर आणि किमान दोन रूममेट्सचे नंबर आपल्याकडे लिहून ठेवा. मूल अठरा वर्षांवरचं असल्यानं विद्यापीठ आणि रुग्णालय आईवडिलांनाही सगळं सांगायला बांधील नसतं. मुलानं आधीच 'हेल्थकेअर प्रॉक्सी'चा कागद करून त्यात तिथल्या जवळच्या नातेवाइकाचं किंवा विश्वासू माणसाचं नाव घातलं तर रात्री तीनला कुणीतरी हक्कानं डॉक्टरांशी बोलू शकतं.

आणि आपल्याकडे?

पुण्यातल्या फ्लॅटवर किंवा गोव्यातल्या पार्टीत असं झालं तर? भारतात ओव्हरडोससाठी मदत मागवणाऱ्याला संरक्षण देणारा असा वेगळा कायदा नाही. मोटार वाहन कायद्यातलं कलम १३४अ अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला वाचवतं, पण ते रस्त्यावरच्या अपघातापुरतं. अमली पदार्थांबद्दलचा एनडीपीएस कायदा १९८५ चा. त्याच्या कलम २७ खाली सेवन हाच गुन्हा आहे: हेरॉइन, कोकेन, मॉर्फिनसाठी एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, इतर पदार्थांसाठी सहा महिने किंवा दहा हजार किंवा दोन्ही. कलम ६४अ मध्ये थोडी वाट आहे. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणातल्या मालाचा आरोप असलेल्या व्यसनी माणसानं स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेतले, तर त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले तर ही सूट जाते. फोन करणाऱ्या मित्राला हे कलम लागू नाही.

तरीही १०८ किंवा ११२ फिरवायचाच. तातडीच्या रुग्णाला उपचार द्यायला डॉक्टर बांधील आहेत आणि कायद्याच्या औपचारिकता त्यानंतर, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात सांगितलं आहे. रुग्णालय एमएलसी (मेडिको-लीगल केस) नोंदवेल, पोलीस येतील, जबाब होईल. मदत आणणारा त्यामुळे आपोआप आरोपी होत नाही. व्यसनाबद्दल सल्ला हवा असेल तर १४४४६ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे.

या आठवड्यात करायच्या गोष्टी

अमेरिकेत-कॅनडात असाल तर:

- आपल्या राज्याचा गुड समॅरिटन कायदा आणि विद्यापीठाचा नियम शोधून वाचा. तीन प्रश्नांची उत्तरं काढा: संरक्षण अटकेपासून आहे की फक्त खटल्यापासून? ते कुणाकुणाला आहे? जागेवर थांबण्याची अट आहे का? कायदे बदलतात, म्हणून दरवर्षी पुन्हा पाहा.
- नालोक्झोनचं एक पाकीट आणा आणि सगळ्यांना माहीत असेल अशा जागी ठेवा. कुलपात नको.
- घराचा पूर्ण पत्ता फ्रिजवर लावा. घाबरलेल्या माणसाला स्वतःचा अपार्टमेंट नंबर आठवत नाही.
- विद्यापीठाची मोफत कायदा सल्ला सेवा आहे का पाहा, आणि एका इमिग्रेशन वकिलाचा नंबर फोनमध्ये ठेवा.
- रूममेट्सबरोबर दहा मिनिटं बसून एवढं ठरवून टाका की कुणालाही शंका आली तर तो बाकीच्यांना न विचारता फोन करेल.